आपण कोणाच्या हातचे खातो?



धम्मदीक्षा घेऊन आपण घरी आलो, त्या दिवशी पहिले काम कोणते केले ते आठवून पाहा. भिंतीवरचा देव्हारा उतरवला. टाक, तसबिरी, घंटा, जे काय होते ते एका संध्याकाळी घराबाहेर गेले आणि त्या जागी तथागतांची मूर्ती व बाबासाहेबांचे छायाचित्र आले. या कामाला फारसा वेळ लागला नाही. देव्हारा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो काढता येतो. परंतु त्याच खोलीत, देव्हाऱ्यापासून चार हातांवर, भांड्यांची मांडणी होती. तिच्यावर कप होते, ताटे होती, पाण्याचा तांब्या होता. त्या मांडणीची दीक्षा झाली काय? ती आपण कधी तपासून पाहिली काय? आज एवढाच प्रश्न मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी माझ्या घरचे सांगतो.

माझे आईवडील नायगावच्या बी. डी. डी. चाळीत राहत. या चाळी १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधल्या. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सर्वांचे मिळून संडास, अशी त्यांची रचना. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या जागीच, भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून लाखावर लोकांनी दीक्षा घेतली. त्या गर्दीत माझे आईवडील होते. आमच्या घरात त्रिशरण-पंचशील रोज म्हटले जाई. सणावाराचा खर्च बंद झाला होता. वडील दारूला शिवत नसत. अशा घराच्या दाराबाहेर, बोळातल्या पाण्याच्या पिंपामागे, कान तुटलेला एक कप पालथा घातलेला असे.

तो कप संडास साफ करणाऱ्या बाईंचा होता. त्या काठियावाडकडून आलेल्या. आई त्यांना बेन म्हणे. काम आटोपून त्या दाराशी बसल्या की आई वरून त्यांच्या कपात चहा ओती. त्या चहा पीत, कप स्वतः धूत आणि पुन्हा पिंपामागे ठेवत. माझी आई दुष्ट नव्हती. ती बेनच्या पोरांची चौकशी करी, जुने लुगडे देई, थंडीत चहात आले जास्त घाली. फक्त कप वेगळा होता. आम्हां मुलांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. आम्ही तो कप जन्मापासून तिथेच पाहत होतो.

एके वर्षी ५ डिसेंबरला मराठवाड्यातून वडिलांच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ चैत्यभूमीच्या दर्शनासाठी आले. चाळीत त्या दिवसांत प्रत्येक खोलीत दहा-बारा पाहुणे उतरत. कप कमी पडले. त्या गृहस्थांनी पिंपावर हात धुतले, मागचा पालथा कप दिसला तो विसळला आणि चहासाठी पुढे केला. आई एकदम म्हणाली, "बाबा, तो नको! तो बेनचा आहे."

"बेन म्हणजे कोण?" त्यांनी विचारले. खोलीत कोणीच बोलले नाही. त्यांना काय समजायचे ते समजले. ते म्हणाले, "पोरी, आमच्या गावात हाटेलाच्या बाहेर खुंटीला असाच एक कप असायचा. तो माझा होता." आणि त्यांनी त्याच कपातून चहा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून तो कप मांडणीवर आला आणि बेनना घरातल्या कोणत्याही कपात चहा मिळू लागला. गोष्ट इथे संपली असती, तर आमची मान ताठ राहिली असती. परंतु ती संपली नाही.

काही महिन्यांनी बेनचा मुलगा परीक्षा पास झाला. त्यांनी घरी सुखडी केली आणि कागदात बांधून आमच्यासाठी आणली. आईने दोन्ही हातांनी ती घेतली, मुलाचे कौतुक केले आणि पुडी फळीवर ठेवली. संध्याकाळी ती कोणी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी पुडी फळीवर नव्हती, आणि आमच्यापैकी कोणाच्याही तोंडात तिचा कण गेला नव्हता. पुढच्या खेपेला बेननी विचारले, "वहिनी, सुखडी कशी झाली होती?" आई म्हणाली, "छान झाली होती."

घरात जे चौथे शील रोज म्हटले जाई, ते त्या क्षणी मोडले. आणि ते कशासाठी मोडले? मूठभर गव्हाचे पीठ, गूळ आणि तूप यांच्यासाठी. तिन्ही वस्तू आमच्याही डब्यांत होत्याच. त्या पदार्थात निराळे काय होते? करणारा हात, एवढेच.

वाचकहो, या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे. आपला चहा बेनना देणे आईला जमले. बेनच्या हातचे खाणे तिला जमले नाही. देणे सोपे का आणि घेणे कठीण का? माझ्या मते जातीचा सगळा कारभार या एका प्रश्नात सापडतो.

गावगाड्यात आपल्या पूर्वजांना भाकरी मिळत नव्हती काय? मिळत होती. दारोदार फिरून ती मागावी लागे. पाटलाच्या वाड्यातून मिळे, वाण्याच्या घरून मिळे. वरून टोपलीत टाकली जाई. शेकडो वर्षे ही भाकर दिली गेली, पण तिने अस्पृश्यता तसूभरही कमी झाली नाही. कारण देणारा देऊन विटाळत नाही. तो वरच राहतो, उलट अधिक वर जातो. विटाळ असतो तो घेण्यात. आपल्या घरचे कोणी खावे यात जात कोणाला अडवत नाही. आपण कोणाच्या घरचे खावे, इथे ती काठी घेऊन उभी राहते. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. मिळणाऱ्या तुकड्यापेक्षा स्वाभिमान मोठा, हे त्यांना आपल्या लोकांना पटवायचे होते.

बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत असतानाचा प्रसंग त्यांच्या चरित्रात आहे. शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याआधी मुले धावली आणि त्यांनी डबे बाजूला केले. त्या डब्यांतील अन्न भीमरावांना कोणी देऊ केलेले नव्हते, त्यांनी ते मागितलेले नव्हते. त्यांची नुसती सावली जवळ येण्यानेच ते बाटणार होते. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर, परिषदेचे लोक मांडवात जेवत असतानाच हल्ला झाला आणि शिजलेले अन्न मातीत गेले. पाणी आणि अन्न, या दोन ठिकाणी जात नेहमी पहारा देते.

हा पहारा फक्त आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार काळे विद्यार्थी वूलवर्थ नावाच्या दुकानात खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले. त्याच दुकानात इतर वस्तू त्यांना विकल्या जात, त्यांचे पैसे चालत. परंतु गोऱ्यांच्या शेजारी बसून कॉफी पिणे चालत नव्हते. ते विद्यार्थी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या दुकानाला आपला नियम मागे घ्यावा लागला.

आता तथागतांकडे पाहा. वैशालीत आम्रपाली गणिकेने त्यांना भिक्षुसंघासह भोजनाचे निमंत्रण दिले आणि त्यांनी ते स्वीकारले. मागून लिच्छवी कुळाचे श्रीमंत तरुण रथांतून आले. ते भोजन आपल्याला द्यावे म्हणून त्यांनी आम्रपालीला मोठी रक्कम देऊ केली. तिने नकार दिला. ते तथागतांकडे गेले, तेव्हा तथागतांनी सांगितले की आपण आम्रपालीचे निमंत्रण अगोदरच स्वीकारले आहे. भिक्षूंना त्यांनी भिक्षेसाठी ओळीने घरोघर जाण्याची शिकवण दिली. गरिबाचे घर टाळून पुढच्या सुखवस्तू घरी जायचे नाही. आणि त्यांचे शेवटचे भोजन झाले ते पावा गावच्या चुंद या लोहाराच्या घरी. त्यानंतर त्यांचे दुखणे बळावले. आपल्या अन्नाने असे झाले या विचाराने चुंदाचे मन जळू नये, म्हणून तथागतांनी आनंदाला सांगून ठेवले: संबोधीपूर्वी मिळालेले भोजन आणि हे भोजन, दोन्हींचे पुण्य सारखेच आहे, असे चुंदाला समजाव. शरीराला असह्य वेदना होत असताना त्या महापुरुषाला चिंता कशाची होती? आपल्याला जेवू घालणाऱ्या एका कष्टकरी माणसाच्या मनाची.

तथागत आम्रपालीच्या आणि चुंदाच्या हातचे जेवले, हे ध्यानात घ्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी हेच केले. गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढायला त्यांनी मदत केली. परंतु मदत करून ते थांबले नाहीत. ते स्वतः तिथे गाडी उभी करून गंगारामांच्या हातचा चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही तो प्यायला लावू लागले. पैसे पुष्कळांनी दिले असते, पण राजाने गंगारामांच्या हातून कप घेतला, म्हणून ती गोष्ट लोक अजून सांगतात.

आता काही जण म्हणतील, हा जातीचा प्रश्न नाही, स्वच्छतेचा आहे. संडासात काम करणाऱ्याचे हात कसे असतात? हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. स्वच्छता पाळलीच पाहिजे. परंतु स्वच्छता आणि विटाळ यांची परीक्षा अगदी सोपी आहे. साबणाने हात धुतल्यावर, कप राखेने घासल्यावर शंका जाते काय? जात असेल तर ती स्वच्छता. धुतल्यावरही शंका राहत असेल, तर तो विटाळ आहे. स्वच्छता हात पाहते आणि विटाळ जन्म पाहतो. बेनची सुखडी त्यांच्या घरी, धुतलेल्या हातांनी, चुलीच्या विस्तवावर झाली होती. रुग्णालयातील परिचारिका दिवसभर जे हाताळते, ते काय निराळे असते? तिने आणलेला लाडू आपण फेकून देतो काय?

दुसरे म्हणतील, त्या बाईच आत येत नाहीत, त्यांनाच संकोच वाटतो, आम्ही काय करावे? संकोच खरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला उंबऱ्याबाहेर बसवले, तो एका बोलावण्याने आत येत नाही. त्याला हात धरून ओढू नये, तोही अपमानच होय. आपणच उंबऱ्याशी जाऊन त्यांच्या शेजारी बसावे आणि आपलाही कप तिथेच आणावा.

तिसरे अभ्यासू बंधू बाबासाहेबांचाच आधार देतील. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले आहे की, सहभोजनाने जात मरत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. मग कपाचा एवढा बाऊ कशाला? बाबासाहेबांचे म्हणणे खरेच आहे. वर्षातून एकदा मांडवात पंगत बसवायची, छायाचित्र काढायचे आणि घरी येऊन पुन्हा वेगळी भांडी मांडायची, अशा सहभोजनाने काहीच होत नाही. परंतु ज्या घरची सुखडी आपल्या घशाखाली उतरत नाही, त्या घरची सून आपण कशी आणणार? बेटीव्यवहाराची वाट रोटीव्यवहाराच्या दारावरूनच जाते. ते दार ओलांडले म्हणजे मुक्काम गाठला असे नव्हे. पण ते ओलांडल्यावाचून मुक्काम गाठता येत नाही.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. धम्माच्या छत्राखाली आता निरनिराळ्या समाजांतून कुटुंबे येत आहेत. २७ मे २००७ रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लक्ष्मण माने यांच्यासह भटक्या-विमुक्तांतील लोकांनी दीक्षा घेतली. एका विहारात शेजारी बसणारी आपण माणसे एकमेकांच्या घरी जेवायला जातो काय? की आधी आलेले आणि मागून आलेले, असा नवाच वर्ण आपण तयार करतो आहोत?

आणि शेजारणीकडून सत्यनारायणाच्या प्रसादाचे ताट आले तर? नवदीक्षित भगिनींना हा पेच नेहमी पडतो. पूजेला बसणार नाही ही आपली प्रतिज्ञा आहे, आणि ती पाळावीच. पण शिऱ्याशी आपले भांडण नाही. माझे मत असे: आम्ही देव मानत नाही, तुमच्या घरचा खाऊ म्हणून घेतो, असे हसून स्पष्ट सांगावे आणि घ्यावे. त्यात खोटेपणा नाही आणि माणूसही तुटत नाही. ते ताट मात्र रिकामे परत करू नये. वैशाखी पौर्णिमेची खीर तिच्या घरी पाठवावी. ती खीर तिने खाल्ली की नाही, हा तिचा प्रश्न आहे, आणि तिने तो स्वतःला विचारावा म्हणूनच पाठवावी.

आणखी एक हात आपल्या घरातच आहे. ६ डिसेंबरला पाहुण्यांसाठी पहाटेपासून भाकऱ्या थापणारी, सर्वांना वाढून उरले ते खाणारी आणि चैत्यभूमीवरचे एकही भाषण न ऐकलेली स्त्री प्रत्येक घरात आहे. तिच्या हातचे आपण आवडीने खातो. पण तिला वाढणारा हात कोणाचा? पुरुष बंधूंनो, एक दिवस तरी आधी तिचे ताट वाढा.

आता माझ्या आईचे राहिले. "छान झाली होती" हे शब्द तिला सुखाने झोपू देईनात. एका दुपारी तिने बेनना खरे सांगून टाकले. बेन थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, मला माहीत होते." पुढच्या रविवारी आईने त्यांना घरी बोलावले आणि सुखडी शिकवा म्हणाली. आमच्या स्टोव्हवर, आमच्या कढईत बेननी पीठ भाजले, गूळ घातला, थाळीत थापली. आईने पहिली वडी उचलली. तिचा हात थरथरत होता, हे मी पाहिले. ती वडी तिने खाल्ली.

त्यानंतर बेननी आपल्या घरून गवती चहाचे एक ठोंब आणून दिले. आमच्या खिडकीच्या गजांत डालडाचे डबे टांगलेले असत. एकात मिरची, एकात पुदिना. एकात तुळस होती. दीक्षेनंतर आईने तिच्यापुढे दिवा लावणे सोडले होते, परंतु खोकल्याच्या काढ्यासाठी झाड ठेवले होते. झाडाचा त्यात काय अपराध? चौथ्या डब्यात गवती चहा लागला आणि पावसाळ्यात तो एवढा माजला की अख्खा मजला पाती तोडून नेई. सकाळी आमच्या घरात जो चहा उकळे, त्याला बेननी दिलेल्या पातीचा वास असे आणि तो आम्ही सगळे, बेनसुद्धा, एकाच मांडणीवरच्या कपांतून पीत असू.

आज त्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. वरळीच्या काही कुटुंबांना २०२५ साली नव्या, ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्याही मिळाल्या. आपली मुले-मुली नोकऱ्यांत आहेत, घरी धुणे-भांड्याला बाई येते. आनंदाची गोष्ट आहे. पण त्या नव्या घराच्या ओट्याखाली, कोपऱ्यात, तिच्यासाठी वेगळा पेला तर ठेवलेला नाही ना? पिंपामागचा तो कप नव्या घरातही आपल्या मागोमाग येऊ शकतो. तो आला की नाही, हे भिंतीवरची मूर्ती पाहून कळत नाही.

म्हणून आज हा अंक वाचून झाल्यावर एकदा उठा आणि आपली मांडणी पाहा. वेगळा कप सापडला तर तो इतर कपांत मिसळून टाका. आणि तेवढ्यावर समाधान मानू नका. ती बाई तिच्या घरचे काही घेऊन येईल, त्या दिवशी पुडी तिच्यासमोर सोडा आणि पहिला घास तुम्ही घ्या.